आर्डिथचं लाल साखरपाणी

“अगं, विष आहे हे, विष!” आमच्या वस्तीतल्या पक्षीतज्ज्ञ मर्ल स्ट्राउडने आर्डिथच्या हातातली बाटली ओढली. लाल साखरपाणी तिच्या चपलांवर सांडलं. खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांनी दुर्बिणी खाली केल्या.

“वीस वर्षं घालतेय मी. माझ्या अंगणात एकही हमिंगबर्ड मेला नाही.”

“रंगानेच मरतात हे सिद्ध झालंय, असं मी नाही म्हणत,” मर्ल एका दमात विषावरून खाली उतरला. “पण गरज काय? टांगलेल्या फीडरवर प्लास्टिकची लाल फुलं आहेतच की. चार वाट्या पाणी, एक वाटी साखर, संपलं.”

“रंग हवाय मला.”

“तुला हवाय की पक्ष्यांना?”

पाहुणे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

मी नेवा, तिची शेजारीण. ॲरिझोनातल्या दरीच्या तोंडाशी चाकांच्या घरांत आम्ही म्हातारी माणसं राहतो. ज्याच्या अंगणात पक्षी, त्याने फाटक उघडं ठेवायचं, खुर्च्या मांडायच्या आणि वही ठेवायची. कुठून कुठून लोक येतात, बसतात, काय दिसलं ते वहीत लिहून जातात. आर्डिथच्या वह्यांची चळत लागली होती, माझी पहिलीच वही अजून अर्धी कोरी. माझे साखरपाण्याचे सहा फीडर, सगळं अगदी नियमाप्रमाणे, पण काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. आर्डिथ म्हणजे एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई, एकदा आलेल्या माणसाचं नाव विसरायची नाही. लोक पक्ष्यांसाठी कमी आणि तिच्या गप्पांसाठीच जास्त यायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक अंगठ्याएवढा हमिंगबर्ड माझ्या खिडकीवर आपटला आणि मान मोडून पडला. मी त्याला कागदात गुंडाळलं, त्याच्या चोचीला लाल रंगाचा थेंब लावला आणि आर्डिथच्या पायरीवर नेऊन ठेवलं.

त्या दिवसापासून तिने रंग बंद केला. चार दिवसांनी ती कुंपणाशी आली.

“नेवा, कुणाला सांगू नकोस हं. मला दिसत नाही गं नीट. समोर मधोमध सगळं धूसर. लाल असलं की किती उरलंय ते तरी कळायचं. हे बिनरंगाचं पाणी काचेत दिसतच नाही. डेनीसला कळलं तर माझी पोरगी मला उचलून तिच्याकडे ओमाहाला नेईल. रोज सकाळी एवढं बघून सांगशील? किती आहे, गढूळ झालंय का?”

“सांगेन की. त्यात काय एवढं!”

दोन-तीन दिवस खरंच जाऊन बघितलं. मग ऊन चढलं आणि माझं अंगही जड झालं. खुर्चीतूनच ओरडायचे, “स्वच्छ आहे गं! निम्मं आहे!”

“आंबूस वास येतोय का गं?”

“तुझ्या नाकाचंही वय झालं आता!”

आठवड्याभराने तिच्या फीडरखाली दोन मेलेले पक्षी सापडले. जिभा सुजून बाहेर आलेल्या, चोची उघड्याच. मर्लने फीडरची बाटली उघडली तर आत काळी बुरशी.

“आंधळी आहेस का तू?” तो सगळ्यांदेखत ओरडला.

आर्डिथने माझ्या दिशेने मान वळवली. मी वहीत डोकं घातलं. संध्याकाळपर्यंत मर्लने तिचे सगळे फीडर उतरवले आणि डेनीसला फोनही केला.

शनिवारी आर्डिथ पायरीवर बसली होती. शेजारी बॅग, त्या उन्हात अंगात लाल स्वेटर. मी सँडविच घेऊन गेले.

“ठेव तिथे,” ती म्हणाली. “नेवा, कान चांगले आहेत माझे. त्या दिवशी तुझ्या काचेवर तो आपटला ना, ते ऐकलं होतं मी. नंतर पायरीवरच्या त्या पक्ष्यावर हात फिरवून बघितलं, मान मोडलेली होती. रंगाने कुणाची मान मोडत नाही.”

मी सँडविच खाली ठेवलं. “मग रंग का बंद केलास?”

“मर्ल म्हणाला, सिद्ध झालेलं नाही. पण म्हटलं, माझ्या सोयीपायी एक जरी मेला तर? आणि तू होतीसच की बघायला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पंखांची बारीक शिट्टी आली. हमिंगबर्ड तिच्या छातीसमोर थांबला. स्वेटरच्या एका बटणाला त्याने चोच लावून बघितली, मग दुसऱ्याला.

फाटकापाशी डेनीसच्या गाडीचा हॉर्न वाजला. आर्डिथने हात वर करून तिला थांबायला सांगितलं आणि तो तिसरं बटण बघून जाईपर्यंत जागची हलली नाही.