रिकाम्या पोटाची चिलापी

एक अख्खा बेडूक, पाय मागे.

म्हशीचं शेण, काठालगतच्या पाण्यात, अजून ओलं.

बोटाला बुळबुळीत लागणारा हिरवा लगदा.

गुटख्याच्या पुडीचा चंदेरी तुकडा.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटतं. उघड्या पडलेल्या गाळात काकडी लावतात. तिला खत लागत नाही.

झिंग्याच्या मिशा. गोगलगाईचं कवच, भाताच्या दाण्याएवढं.

दर्भाचा पुतळा.

काही नाही.

*

शेण, काकडी आणि पुतळा सोडला, तर हे सगळं ठकुबाईने माशांच्या पोटात पाहिलं होतं. ‘काही नाही’ हेसुद्धा. हिर्डोशीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून त्यांची वाडी. नवरा गेनबा आणि मुलगा सार्थक जाळं टाकायचे, आणि ठकुबाई भोरच्या बाजारात विळी मांडून मासे कापायला बसायची. आता विळी घरात भिंतीला टेकून होती.

“ठके, बाहेर ये. भांडाया आले न्हाई आज.”

चंद्राबाई, तिची थोरली जाऊ, ओट्यावर येऊन बसली होती आणि दातांना मिश्री लावत होती. ठकुबाई दारात आली आणि उभीच राहिली.

“बस की. तुज्याच ओट्यावर तुला बस म्हनाया पायजे व्हय?”

“बोला आक्का.”

“काय बोलायचं? तुला म्हाईत हाय.” चंद्राबाईने बोट पदराला पुसलं. “काल भोरला गेल्ते. पाटी हाय तशी माघारी आली. हात लावायच्या आदी इचारत्यात, कुठला मासा? म्या म्हनलं, उजनीचा. तर ती बया म्हनती, उजनीचा आन् अजून फडफडतुय?”

ठकुबाईला हसू येणार होतं. आलं नाही.

“हसलीस तरी चालंल. मला बी आलं. मंग एस्टीत बसून रडले.”

धरणात माणूस गेलं आणि ते मिळालं नाही, की त्या पाण्यातला मासा कुणी खात नाही. वाडीत नाही, आजूबाजूच्या गावांत नाही, आणि बातमी पोचली की भोरातही नाही. माणूस मिळालं तर तेराव्यानंतर सगळं आपोआप सुरू होतं. न मिळालेल्याचं तसं नसतं. त्याच्या आईने त्याच पाण्यातला मासा शिजवून पहिला घास घ्यायचा, मग पाणी मोकळं होतं. आई नसेल तर बायको. बाप चालत नाही. गेनबाने एकदा विचारून पाहिलं होतं, का चालत नाही म्हणून. म्हाताऱ्यांनी दुसरा विषय काढला.

“आक्का, म्या कशी खाऊ?”

“ते माज्या तोंडानं सांगू तुला? सार्थ्या माज्या बी मांडीवर मुतलाय.” चंद्राबाईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “पर समद्या वाडीच्या चुली त्या पान्यावर हायेत. माजा सोमनाथ कापूरहोळला ढाब्यावर भांडी घासतुय. पोरगं पान्याबगार झोपत न्हाई, आन् तितं हायवेच्या कडंला पडतंय.”

“पान्यात काय सुदिक वाया जात न्हाई, आक्का. समदं कुनाच्या तरी पोटात जातंय. म्या रोज बगितलंय.”

अंगणातून एक कोंबडी गेली, तिच्याकडे दोघी बघत राहिल्या.

“म्या न्हाई म्हनतीय का?” चंद्राबाई शेवटी म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

*

हीच गोष्ट ठकुबाई पूर्वी बाजारात गंमत म्हणून सांगायची. बँकेतल्या एक मॅडम नेहमी मरळ घ्यायच्या.

“ही काय खाते हो, मावशी?”

“बेडूक. चिलापीची पिल्लं.”

“आणि चिलापी?”

“श्यावाळ.”

“आणि शेवाळ कशावर वाढतं?”

“म्हशीचं शेन, कुजल्याला पाला, मेल्यालं काय बी.”

“शी! म्हणजे आम्ही शेणच खातो.”

“व्हय की. इकत घिऊन.”

आजूबाजूच्या बाया हसायच्या. मॅडमही हसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “मग आम्हाला कोण खातं?”

“तुमास्नी कुनी खात न्हाई. तुमास्नी जाळत्यात.”

सार्थक तेव्हा टेम्पोतून बर्फाची पेटी उतरवत होता. सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

*

जाळं बुडालेल्या आंब्याच्या खोडाला अडकलं. धरण होण्याआधी तो आंबा त्यांच्याच बांधावर होता. सार्थक ते सोडवायला खाली गेला. जाळं वर आलं.

गेनबा तासन् तास होडीत तसाच बसून राहिला. होडी हलवली तर जागा चुकेल, असं त्याला वाटत होतं.

मग दुसऱ्या होड्या आल्या, गळ टाकले, पाणबुडे उतरले, आणि वर येऊन नुसतीच मान हलवत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला. पुतळा जाळला. इतक्या लवकर जळला, की काठावरच्या लोकांना पुढे काय करावं ते सुचेना.

*

चंद्राबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, फटफटल्यावर, ठकुबाई विळी घेऊन काठावर गेली. गेनबा मागून आला.

“हे काय?”

“जाळं टाकलंय न्हवं रात्री?”

गेनबाने खाली बघितलं. तो रोज जाळं टाकत होता आणि रोज मासे परत सोडत होता. दुसरं काही त्याला येत नव्हतं. तिला हे ठाऊक आहे, हे त्याला आत्ता कळलं.

“काढा,” ती म्हणाली.

त्याने जाळं ओढून आणलं. ती दगडावर बसली, विळी पायाखाली धरली.

पहिली चिलापी. हिरवा लगदा. बाजूला.

दुसरी. हिरवा लगदा, त्यात बारीक पांढरं काहीतरी. ठकुबाईचा हात थांबला. बोटावर घेऊन तिने ते उजेडात धरलं. गोगलगाय होती. बाजूला.

मरळ. मरळीला तिने हात लावला नाही.

तिसरी. चौथी. गाळ.

“अगं, काय हुडकतीस?”

“जिनं काय खाल्लं न्हाई आसली.”

“पान्यातला मासा, आन् खाल्लं न्हाई?”

“आसती.”

गेनबा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो खाली बसला आणि जाळ्यातून एकेक मासा सोडवून तिच्या हातात देऊ लागला. दोघांच्या मधे उघड्या पोटांचा ढीग झाला. वर घारी फिरायला लागल्या.

मग एक चिलापी आली, हाताला हलकी लागणारी. डोकं मोठं, अंग चिपाडासारखं. असली चिलापी बाजारात कुणी घेत नाही, मांसच नसतं. ठकुबाईने तिचं पोट फाडलं. आतडं दोऱ्यासारखं. आत काही नाही.

तिने पुन्हा बोट फिरवून बघितलं. काही नाही.

मग अंगठ्याने तिचा जबडा उघडला.

तोंड पिल्लांनी भरलेलं होतं. चिलापीची मादी पिल्लं तोंडात धरते तेव्हा काही खात नाही. खाल्लं तर तीच पोटात जातील. ती नुसती पाणी आत घेते, बाहेर सोडते, आणि वाळत जाते. हे ठकुबाईला नवीन नव्हतं. बाजारात अशी एखादी हाती लागली की ती तोंड झटकायची आणि पुढचा मासा घ्यायची.

आज तिने माशाचं डोकं पाण्यात धरलं. पिल्लं बाहेर पडली, बुबुळाएवढी, प्रत्येकाला दोन काळे ठिपके. क्षणभर पांगली. मग भांबावली. चिलापीचं तोंड आता नुसतं उघडं होतं, ते पाणी ओढत नव्हतं. ठकुबाईचा दुसरा हात पाण्यातच होता, बोटं अर्धी मिटलेली. त्या मुठीत अंधार होता. पिल्लं वळली आणि एकेक करून तिच्या मुठीत शिरली.

तिने हात हलवला नाही. तळव्याला गुदगुल्या होत होत्या.

“सोड,” गेनबा हळू म्हणाला. “सोड आता.”

“मरळ खाईल.”

“खाईल.”

पलीकडच्या डोंगरावरून ऊन पाण्यावर आलं. ते तिच्या मनगटापर्यंत पोचलं, तेव्हा तिने बोटं उघडली.

*

तिने त्या एकाच माशाचं कालवण केलं. हळद, तिखट, दोन कोकमं. भाकरी नाचणीची. वाडीतली माणसं अंगणात येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी कुणी बसेना. चंद्राबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिने आज मिश्री लावली नव्हती.

ठकुबाईने घास केला. तोंडात घातला.

चावत राहिली.

माणसं तिच्या गळ्याकडे बघत होती. तिने जिभेने एक काटा पुढे आणला, बोटांनी काढला आणि ताटलीच्या कडेला ठेवला. नीट, आडवा. मग गिळलं.

शेवटी चंद्राबाई म्हणाली, “मीठ बरं हाय का गं?”

“कमी हाय.”

चंद्राबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली. त्याच ताटलीतला तुकडा तिने मोडून घेतला आणि खाल्ला.

“व्हय,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही. “कमीच हाय.”

मग गेनबा बसला. मासा एवढासाच होता, पण वाटीतलं कालवणाचं पाणी बोटाबोटाने सगळ्यांना पुरलं. कुणीतरी मोबाईल काढून अंगणाच्या कडेला गेलं. “सोम्या, मी बोलतुय. ये घरी. व्हय. खाल्लं काकूनं.”

माणसं पांगली. दुपारी काठावर होड्या उलट्या करून कुणी डांबर लावत होतं. ठकुबाईने ताटली घासली. काटा तेवढा उचलून ती पाण्यावर गेली आणि तो आत टाकला.

सार्थकच्या बाळंतपणात ठकुबाईला दूध येत नव्हतं. इथे तेव्हा धरण नव्हतं, नदी होती. सासूने नदीतले बारीक मासे उकळून त्यांचं पाणी तिला रोज पाजलं, आणि मग दूध आलं.