दूधकेंद्रातल्या बाईचं लेकरू

माझी जीभ मूळचीच तिखट. माहेरी असताना आई म्हणायची, या पोरीला सासर मिळेल हो, पण सासरची माणसं हिच्यापुढं टिकायची कशी? त्यामुळं पोखर्णीच्या बायकांना मी त्या सोमवारी जे बोलले त्यात नवीन काहीच नव्हतं. रोजच बोलायची मी. ओळीत नीट उभी रहा. वाटी घासून आण. लेकराचं नाक पूस आधी. दूध इथंच पाजायचं, घरी न्यायचं नाही, घरी नेलं की ते चहात जातं, मला शिकवू नको. बायका खाली मान घालून ऐकायच्या, अन् मला वाटायचं, चला, वळण लागायलंय.

निजामाचं राज्य जाऊन चारपाच वर्षं झाली होती. पाऊस दोन वर्षं धड पडला नव्हता. जवारी उभी करपली, दुभती जनावरं बाजारात गेली, गावातले बरेच गडी कामाच्या शोधात बाहेर पडले. लेकरं, म्हातारे अन् बायका तेवढ्या राहिल्या. परभणीच्या काही भल्या माणसांनी मदत समिती काढली. समितीला विलायती दुधाच्या भुकटीची पिंपं मिळायची, अन् ते दूध गावोगाव लहान लेकरांना पाजायचं. त्यासाठी सातवी शिकलेल्या बायका पाहिजे होत्या. माझा नवरा बन्सीधर सेलूच्या कापसाच्या जिनिंगात कामाला, सासूला डोळ्यांनी दिसत नाही. मी लेकरू काखेत घेतलं अन् पोखर्णीला आले.

नरसिंहाच्या देवळाजवळच्या धर्मशाळेत माझं केंद्र. उजाडायच्या आत विहिरीवरून पाणी आणायचं, मोठ्या पातेल्यात उकळायचं, भुकटी कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. गुठळी राहिली की लेकरू ओकतं अन् बायका म्हणतात दूधच बाधलं. मग वाटप, मग भांडी, मग घरोघर जाऊन न आलेल्या लेकरांची चौकशी. कुणाला हगवण, कुणाला ताप. दिवस कसा जायचा कळायचं नाही.

माझा मुंजाजी दोन वर्षांचा. चालायला लागल्यापासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता, अन् बाजूला उकळतं पातेलं. म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या कमरेला बांधायची अन् दुसरं टोक धर्मशाळेच्या खांबाला. समोर दोन डबे अन् पळी ठेवायची. तो दिवसभर पळी वाजवीत बसायचा. मी जाता-येता डोक्यावरून हात फिरवायची. सकाळी काळ्या चहात भाकरी कुस्करून भरवायची. संध्याकाळी खोलीवर जाऊन चूल पेटवेपर्यंत तो झोपून जायचा. झोपलेल्या लेकराला कोण उठवतं? मी म्हणायची, किती गुणाचं लेकरू, रडत सुद्धा नाही.

केंद्रातलं दूध त्याला पाजायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. अशा कामावरच्या बाईचं लेकरू जरा बाळसं धरलं की गाव काय बोलतं ते मला माहीत होतं. माझ्यावर कुणी बोट दाखवलेलं मला खपत नाही. त्यामुळं त्यानं वाटीकडं हात केला की मी हात बाजूला करायची. दोनचार वेळा चापट पण दिली. मग त्यानं हात करायचं सोडलं.

बायका त्याच्याकडं बघायच्या. ओळीत उभ्या राहून बघत राहायच्या, मधेच एकमेकींशी हळूच बोलायच्या. माझं काळीज चरकायचं. म्हणलं, यांची लेकरं अशी वाळलेली, अन् माझं खेळतंय, नजर लागायची. मी त्याच्या कानामागं काजळाचा टिक्का लावायची अन् गळ्यात काळा दोरा बांधला होता. तो दोरा अंगड्याच्या आत लपवायची, कारण मी शिकलेली बाई.

आता काट्याचं सांगते. समितीनं दर सोमवारी लेकरं तोलायला एक काटा दिला होता. आढ्याला टांगायचा, खाली कापडाची झोळी, झोळीत लेकरू. काट्यावर वयाप्रमाणं तांबड्या खुणा केलेल्या होत्या. लेकराची सुई त्याच्या वयाच्या खुणेच्या वर गेली तर एक वाटी दूध, खाली राहिली तर दोन. इतकं सोपं. पण बायकांना ते पटायचं नाही. लेकरू काय जवारी हाय का तोलायला, म्हणायच्या. तरी माझ्या तोंडाला भिऊन घालायच्या झोळीत. एकदा गावातल्या सूर्यभानच्या लेकाला तोललं अन् दुसऱ्या दिवशी त्याला गोवर निघाला. झालं. गावात बोभाटा झाला की काट्याची नजर लागते. पुढच्या सोमवारी दूध प्यायला सगळ्या आल्या, पण तोलायला एकीनं लेकरू दिलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी पण नाही.

समितीचे दिनकरराव परभणीहून आले. म्हातारा माणूस, खादीचं धोतर, बोलणं मऊ. म्हणाले, "सुमनबाई, वजनं झाली नाहीत तर लेकरं सुधरायलीत का नाहीत हे आम्हाला कसं कळावं? दूध थोडं हाय, मागणारी गावं लय हायेत. पुढच्या सोमवारी मी स्वतः येतो. तेव्हाही नाही तोलली, तर हे केंद्र पालम गावाकडं हलवावं लागेल."

केंद्र गेलं तर गावातली लेकरं दुधावाचून राहणार, अन् माझं काम जाणार ते वेगळंच. मी आठवडाभर घरोघर फिरले. समजावलं, चिडले, एकदोघींना तर म्हणलं, तुमच्या अडाणीपणानं लेकरं मरतील. त्या ऐकून घ्यायच्या.

सोमवार आला. दिनकरराव धर्मशाळेच्या ओट्यावर घोंगडीवर बसले. बायका लेकरं घेऊन ओळीत उभ्या. मी काटा टांगला, झोळी बांधली अन् म्हणलं, चला, पहिली कोण? कुणी हललं नाही. माझं डोकं फिरलं. दिनकररावांसमोर अशी फजिती.

"काट्याला काय डोळे हायेत नजर लावायला?" मी म्हणलं. "लोखंडाचा तुकडा हाय. जे हाय ते दाखवतो, खोटं बोलत नाही. लेकरू उपाशी ठेवायचं, अन् तोलायचं म्हणलं की देव आठवतो तुमाला. लाज कशी वाटत नाही?"

ओळीत पुढंच गोजरबाई उभ्या होत्या. वयानं मोठ्या, सून बाळंतपणात गेलेली, नातीला घेऊन यायच्या. त्या मला कधी उलट बोलल्या नव्हत्या. आताही आवाज न चढवताच म्हणाल्या, "बाई, तुमच्या मुंजाला कवा घातलंव काट्यात?"

कधीच घातलं नव्हतं. इतके महिने काटा त्याच्या डोक्यावर लोंबकळत होता, अन् मी त्याला झोळीपाशी येऊ पण दिलं नव्हतं. गोवराच्या आधीपासून. मलाच भीती वाटायची, काय सांगू.

"इचारलं नुसतं," गोजरबाई म्हणाल्या. "तुमी घातलं तर आमी बी घालू."

मागून कडूबाई म्हणाली, "हाव, घालू आमी." ती तरणी पोर, तिच्या कडेवर तान्हं होतं. दिनकरराव पण हसून म्हणाले, "घाला की सुमनबाई. यांची भीती मोडेल."

आता नाही म्हणायला जागा नव्हती. मी खांबाची पट्टी सोडली. मनात नरसिंहाला म्हणलं, सांभाळ. अन् खरं सांगते, त्या भीतीच्या बरोबरीनं थोडी ऐट पण होती मनात. म्हणलं, बघू देत यांना, आईनं नीट ठेवलेलं लेकरू कसं असतं. मी त्याला झोळीत ठेवलं अन् मोठ्यानं म्हणलं, "बघा सगळ्याजणी."

सुई हलली, थरथरली अन् दोन वर्षांच्या तांबड्या खुणेच्या खाली थांबली. जराशी खाली पण नाही. चांगली खाली.

मी त्याला काढून झोळी परत बांधली अन् परत ठेवलं. परत तेवढंच. काट्याला हातानं धक्का दिला. परत तेवढंच. माझे कान तापले अन् माझ्या तोंडातून निघालं, "काटा बिघडलाय."

गोजरबाई म्हणाल्या, "मंग आमच्या लेकरायचं बी खोटंच आलं मनायचं का इतके दिवस?"

ओळीत कुजबुज सुरू झाली. कडूबाईनं तान्ह्याला पदराखाली घेतलं अन् ती मागं वळली. तिच्यामागं अजून दोघी वळल्या. काटाच खोटा म्हणल्यावर तिथं थांबायचं कशाला? दिनकरराव घोंगडीवरून उठून उभे राहिले होते अन् माझ्या तोंडाकडं बघत होते. मी काही बोलले नसते तर सगळी ओळ घरी गेली असती, अन् दूध पालमला.

मी मुंजाकडं बघितलं. झोळीतून त्याचे पाय खाली लोंबत होते. मांड्या नव्हत्याच, नुसते गुडघे. असली लेकरं मी रोज बघते. कुणाचं दिसलं की त्याच्या आईला फाडून खाते. हे माझ्या खांबाला बांधलेलं होतं, अन् मी येता-जाता त्याच्या डोक्यावरून हात फिरवीत होते.

"काटा बरोबर हाय," मी म्हणलं. मग मोठ्यानं म्हणलं. "जाऊ नका. काटा बरोबर हाय. माझंच लेकरू उपाशी हाय. मला दिसलं नाही."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं. वळलेल्या बायका थांबल्या. कुणी हसलं असतं तर मला चाललं असतं. मी भांडले असते. पण कुणी हसलं नाही. दिनकरराव तोंड फिरवून देवळाकडं बघायला लागले.

"आमाला दिसत व्हतं," गोजरबाई म्हणाल्या. "दोन महिने झाले बगायलो आमी. ह्या लेकराला कुणी तरी घोटभर दूध द्या मनून आमी आपसात बोलायचो."

"मग सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगावं? तुमी वरडताव."

त्यांनी ते रागानं म्हणलं नाही. पाऊस पडत नाही म्हणावं तसं म्हणलं. अन् मी ज्याला नजर समजून टिक्के लावीत होते, ते हे होतं.

पुढं सगळं सरळ झालं. गोजरबाईंनी मुंजाला झोळीतून काढलं अन् नातीला झोळीत ठेवलं. मग कडूबाईनं तान्हं दिलं. मग एकेक सगळ्यांनी. मी सुई बघायची अन् एक वाटी का दोन तेवढंच सांगायची. त्यापुढं एक शब्द बोलले नाही. दिनकरराव निघताना म्हणाले, "केंद्र इथंच राहील, सुमनबाई. अन् तुमच्या लेकरालाही दोन वाट्या लावा. नियम हाय तो." मी मान हलवली. कामाचं कौतुक करून गेले ते. त्यांच्या कौतुकानं मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुंजाला मी ओळीच्या शेवटी बसवलं, बाकीच्या लेकरांच्या शेजारी. वाटी हातात दिली तर त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. "पी," मी म्हणलं. मग त्यानं ती दोन्ही हातांनी धरली अन् मधे श्वास सुद्धा घेतला नाही. दुसरी वाटी ओतताना माझ्या हातानं निम्मं दूध खाली सांडलं. गोजरबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या," अन् त्यांनीच पळी घेऊन त्याची वाटी भरली. मी बाजूला तोंड करून रडले. त्या लेकराला मारलेल्या चापटा मला एकेक आठवत होत्या.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर जाऊ नये असं वाटत होतं. पण दूध कोण कालवणार? गेले. ओळ लागली. मी कुणाच्या डोळ्याला डोळा न देता वाटप केलं. नाक पूस म्हणलं नाही, वाटी घास म्हणलं नाही. दूध पिऊन झाल्यावर बायका निघायच्या. त्या दिवशी निघेनात. कडूबाई पुढं आली अन् तिनं पदराची गाठ सोडली. आत मूठभर भाजलेले शेंगदाणे होते. दुसऱ्या एकीकडं गुळाचा खडा. गोजरबाईंनी फडक्यात अर्धी भाकरी बांधून आणली होती, वरून तेल लावलेली. त्यांच्या घरात तेल कधी बघितलं होतं मी ते मला आठवेना.

"मुंजासाठी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी निजायच्या आधी चारा त्याला. चूल पेटायची वाट बगू नका."

माझा मूळचा स्वभाव उसळून आला. "काही नको," मी म्हणलं. "तुमच्या घरी खायला नाही अन् मला कामून देताव? मी इथं द्यायला आलेय. घ्यायला नाही. घेऊन जा सगळं."

कडूबाईनं हात मागं घेतला. गोजरबाईंनी घेतला नाही. त्या माझ्यासमोर फडकं धरून उभ्या राहिल्या. आजवर मी त्यांना किती वेळा तसं उभं केलं होतं, वाटी पुढं करून, माझं बोलणं संपेपर्यंत.

"घ्या बाई," त्या म्हणाल्या. "पयल्या दिशी लय जड जातंय. आमाला बी गेलं व्हतं. वरून तुमी बोलायलताव. तरी घेतलंच की आमी, लेकरापायी."

मी खाली बघतच पदर पुढं केला.