सख्खा मुकादम

मिरचीच्या ओळीत शिरलं की पाणी प्यायचं नाही, हा आमच्या मुकादमाचा पहिला धडा. पाणी प्यायलं की आडोशाला जावं लागतं, तोवर ओळ मागे पडते, आणि मागे पडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ट्रकमध्ये जागा नसते. कुणी कंबर धरली की तो खिशातून पांढरी गोळी काढून द्यायचा. आम्ही परमुलखातून आलेली माणसं. आपल्या बोलीत दटावणारा भेटला, म्हणून त्यालाच मायबाप समजून बसलो. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

ढांग्या तर त्याचा सख्खा मेहुणा. मुकादमानेच त्याला आणि बहिणीला इकडे बोलावून घेतलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ढांग्या चार वर्षं उन्हात कोरड्या घशाने सगळ्यांच्या पुढे राहिला, चणे खावेत तशा गोळ्या खाल्ल्या, आणि "आमचे दाजी म्हणजे वाघ" या मुकादमाच्या एवढ्याशा शाबासकीवर खूश. मग पाय सुजले, अन्न नकोसं झालं, आणि एके सकाळी तो ओळीतच आडवा झाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तहान मारून आणि त्या गोळ्यांनी दोन्ही मूत्रपिंडं गेली. इथल्या माणसांचं रक्त आठवड्यातून तीनदा मशीनवर साफ करतात. परक्यांचं मात्र प्राण कंठाशी आले की एकदा, मग पुन्हा मरायला टेकेपर्यंत घरी बसायचं. हा इथेच राहून राबतोय असं कामावरच्या कुणी जबाबदार माणसाने येऊन सांगितलं, तरच त्याला मशीनवर कायमची पाळी मिळणार होती. ताईचा जीव भांड्यात पडला. सांगणारा तिचा भाऊच तर होता.

मुकादम टोपी हातात धरून खाटेपाशी उभा राहिला. ढांग्याकडे त्याने पाहिलंच नाही.

"नवा आहे," तो बाईंना म्हणाला. "मागच्या आठवड्यात आला. आजारीच आला."

खरं बोलला असता तर गोळ्यांची चौकशी झाली असती आणि मुकादमी गेली असती, हे मला कळत होतं. तरी माझं अंग पेटलं.

ताई रडली नाही. ती त्याच्या मागोमाग बाहेर गेली, मीही गेले. तो पायरीवर बसून बूट सैल करत होता. मोजा पायात रुतला होता, वर पोटरी टम्म. त्याने पांढरी गोळी काढली आणि कोरडीच गिळली.

ताईने वाकून त्याच्या पायावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरून येईना. ढांग्याचं असंच सुरू झालं होतं.

"दादा, आत जाऊन दाखव," ती म्हणाली. "तू किती वर्षं राबतोस ते मी सांगेन त्यांना. खरं सांगेन."

मुकादमाने घाईघाईने मोजा वर ओढला.