उजव्या चौकटीतला ठिपका

दवाखान्याच्या संगणकावर प्रियाने प्रोग्राम चालवला आणि लहान पोरीसारखे डोळे घट्ट मिटून घेतले. पडद्यावर दोन आलेख होते: डाव्या चौकटीत चिचगडच्या बायका, उजव्या चौकटीत त्यांचे नवरे. ठिपका जितका वर, तितका रक्तात सिकलसेलचा अंश जास्त. आता पायथॉनमधल्या त्या प्रोग्रामने प्रत्येक बाईच्या ठिपक्यापासून तिच्या नवऱ्याच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढायची होती. दोन्ही टोकं वरची निघाली तर रेघ लाल. त्या जोडप्याच्या लेकराला आजार होण्याची धास्ती. नावं नव्हती, नुसते क्रमांक. पण स्वतःचा क्रमांक कोण विसरतं? तिला कसला त्रास नव्हता, तरी तिचा ठिपका वर होता. आणि तिला तिसरा महिना लागला होता.

तिने एक डोळा उघडला. रेघांचं जाळं, त्यात चार-दोन लाल. तिच्या ठिपक्यापासून मात्र रेघच निघाली नव्हती.

कोड चुकला असेल, या आशेने तिने ओळ न् ओळ तपासली. कोड बरोबर होता. रेघेला दुसरं टोकच नव्हतं. तिच्या नवऱ्याने, दुर्गेशने, रक्त दिलंच नव्हतं. रक्ततपासणीच्या शिबिरातून दंडाला कापूस चिकटवून आला होता, आणि तिने कौतुकाने गुळाचा चहा पाजला होता!



संध्याकाळी दुर्गेश न्यायला आला, तेव्हा तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

“तुमचा ठिपका नाई हाय. रक्त काऊन नाई देले?”



“कापूस मीच लावलो,” तो म्हणाला. “माही लहान बहीण याच्यानंच गेली. रातभर सांधे धरून रडे. माह्या रक्तात बी असन, असं वाटे.”

“मंग लपवले कायले?”

“भेव लागून राहिला होता. रेघ नाई निंगाली तं बरंच हाय न? नाई निंगाली, म्हणजे नाई.”

तिला संताप आला. जंगलात एकटा फिरणारा दांडगा गडी, आणि एका ठिपक्याला भ्याला! पण त्याचे डोळे भरून आले होते. त्याचा हात धरून ती खालच्या मजल्यावरच्या लॅबकडे निघाली.

लॅब बंद व्हायची वेळ झाली होती. जिना उतरता उतरता प्रियाच थबकली. देवा, कुलूप असू दे, असं तिच्या मनात आलं.

दार उघडंच होतं. दुर्गेशने बाही वर सारली.

“चाल न,” तो म्हणाला.

तिचा पाय उचलेना.