चौथ्याची जागा

लोकांचे जुने फोटो दुरुस्त करून देणारा माणूस स्वतःच्याच फोटोत गाढवपणा करेल, असं त्याच्या बायकोलाही वाटलं नव्हतं. आणि नवऱ्याच्या गाढवपणाचा तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

फोटो कॉलेजच्या सहलीतला. पुलाच्या कठड्यावर लंबू, ढोल्या आणि पुढे खरोखरच डॉक्टर झालेला डॉक्टर. उजवा कोपरा बुरशीने साफ खाल्लेला. त्या कोपऱ्यात आपण बसलो होतो, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तापलेला कठडा, लटकणारे पाय, खांद्यावर ढोल्याचा हात, सगळं त्याला लख्ख आठवत होतं. कॉलेजात त्याला ‘शेपूट’ म्हणत, आणि या बापड्याला ते लाडाचं वाटे.

एरवी दुकानातला त्याचा नियम कडक होता. गेलेला चेहरा भरायचा तर घरच्या माणसाला शेजारी बसवायचं, विचारायचं, मगच हात लावायचा. "आठवणीवरून नाक काढायचं नसतं," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. स्वतःच्या वेळी विचारणार कुणाला? कॉलेजच्या ओळखपत्रावरचा चेहरा उचलला, धड नव्याने उभं केलं, ढोल्याचा बुरशीत गेलेला हात आपल्या खांद्यावर आणून ठेवला. तीन आठवडे दुपारचं जेवण काउंटरवरच उरकलं. मग तिघांना शोधून काढून फोटो फेसबुकवर टाकला.

तीस वर्षांत ज्यांनी साधी चौकशी केली नव्हती, ते तासाभरात हजर. "शेपट्या, जिवंत आहेस होय!" लंबूने लिहिलं. डॉक्टरने बदामांची रांग लावली. ढोल्या म्हणाला, "आता एकदा बसायचंच सगळ्यांनी." चौघांचा ग्रुप झाला. बावन्न वर्षांचा हा घोडा दर दहा मिनिटांनी फोन बघायला लागला. भेटीसाठी नवा शर्ट आणला आणि बायकोला सेलमध्ये मिळाला म्हणून थाप मारली.

पाचव्या दिवशी लंबूने त्याच्याकडची प्रत टाकली. चांगली धडधाकट, बुरशीचा ठिपका नाही. उजव्या कोपऱ्यात कठड्यावर चार पिशव्या रचलेल्या आणि त्यांच्यावर ढोल्याचा हात. चौथी पिशवी त्याची होती.

"अरे, शेपूट कुठाय यात?"

"चिकटवलंय लेकाने स्वतःला!"

"मग हा काढला कुणी?" डॉक्टरने विचारलं.

"असेल कुणी येणारा-जाणारा," ढोल्या म्हणाला.

तेव्हा त्याला खरं आठवलं. हातात लंबूचा कॅमेरा, डोळ्यांवर ऊन आणि "शेपट्या, आटप की लवकर!" ‘मीच काढला होता,’ असं त्याने लिहिलं, पुसलं, आणि एक हसरा चेहरा पाठवून दिला.

मग ग्रुप गप्प झाला. कधी भेटायचं, असं त्याने दोनदा विचारलं. "बघू रे," एवढंच उत्तर आलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो दुकान उघडत होता, तोच लंबूने फोटो टाकला. हॉटेलातलं मोठं टेबल, तिघं आणि तिघांच्या बायका.

"मला कळवलं नाहीत?" एवढे तीन शब्द लिहायला त्याला पाऊण तास लागला.

"घाईत ठरलं रे, राहूनच गेलं बघ," लंबूने कळवलं. "पण तुला काय, तू घाल की स्वतःला. येतंच तुला!" खाली दोघांचे हसून लोळणारे चेहरे.

त्याने ग्रुप सोडायला अंगठा पुढे केला, पण सोडवेना. याची त्याला त्या तिघांच्या वागण्यापेक्षा जास्त चीड आली. दुपारी त्याने तो फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. डॉक्टरच्या पलीकडे एक खुर्ची रिकामी होती.

बायको डबा घेऊन आली. "कोण हो हे?"

"गिऱ्हाईक," तो म्हणाला. "एक माणूस घालून हवाय त्यांना."