उजवा पाय

गाडी रिकामीच परत आली. शिवप्पाने बैल सोडले नाहीत. जू तसेच ठेवून तो मठाच्या पायरीशी आला आणि आत न बघता म्हणाला, "म्हांतप्पा स्वामी आले न्हाईत."

सोमलिंग उंबऱ्यात बसला होता. त्याच्या मागे सोप्यात त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. बसली होती म्हणजे बसवली होती. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवे करत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळावर विभूती ओढतात, डाव्या तळहातावर त्याचे इष्टलिंग ठेवतात. रुद्रम्मा पहाटे पटकीने गेली होती. शेजारच्या गिरिजाबाईने तिला न्हाऊ घातले, हिरवे लुगडे नेसवले आणि तिची मान सारखी कलंडत होती म्हणून मागे उशी दिली. आता गिरिजाबाई माश्या वारत होती आणि ती बसून होती. ऊन अंगणभर पसरले होते.

"का? बरं न्हाय का त्यास्नी?" सोमलिंगाने विचारले.

"बरं हाय." शिवप्पा चाबकाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "येतो म्हणले. पर अट घातलीय. कस्तुराबाईच्या डोक्यावर पाय ठिवला ती चूक झाली, त्यो विधी विधीच न्हवता, असं तुमी चार माणसांत म्हणायचं. मगच गाडीत बसीन, म्हणले."

सोमलिंगाने मागे वळून आईकडे पाहिले.

तेरणेकाठच्या त्या गावात जंगमाचे, म्हणजे लिंगायत पुजाऱ्याचे, घर एकच, आणि मठपती एकच; दुसरा जंगम म्हांतप्पा, तो शेजारच्या गावचा. मूल जन्मले की त्याच्या गळ्यात लिंग बांधायचे आणि माणूस मेला की त्याच्या मस्तकावर उजवा पाय ठेवायचा. तो पाय पडला की मेलेला शिवाला मिळाला. नाही पडला तर खड्ड्यात नुसती माती गेली. बाप गेल्यावर हा पाय सोमलिंगाकडे आला. त्याच्या वयाची पोरे तेव्हा तालमीत लाल माती अंगाला फासत होती आणि हा म्हाताऱ्यांच्या डोक्यावर पाय ठेवत हिंडत होता. काल ज्याने "पळ रे" म्हणून हाकलले, तो आज "शरणार्थ, स्वामी" म्हणून वाकत होता.

दीक्षा झाली त्या दिवशी रीतीप्रमाणे आईनेही त्याचे पाय धुतले. डोके टेकवून ती उठली, आणि पाहुणे पांगल्यावर चुलीपुढे हसत हसत म्हणाली, "ज्या हातानं तुझं ढुंगण धुतलं, त्याच हातानं तुझं पाय धुतलं. पुरं झालं रे बाबा. आता पुन्यांदा न्हाय." मग हसणे थांबवून म्हणाली, "आन एक कर. म्या मेले की म्हांतप्पास्नी बोलव. तुझा पाय माझ्या डोक्यावर नको. पोटच्या पोराचा पाय डोक्यावर घिऊन म्या शिवापुढं कशी जाऊ? त्यो इचारंल, कुणाची गं तू? काय सांगू?"

"बोलवीन, अव्वा," तो म्हणाला होता.

"म्हण, नक्की."

"नक्की."

हा एक शब्द. आईने आयुष्यात त्याच्याकडे दुसरे काही मागितले नव्हते.

पोरांना मठात जमवायची कल्पना सोमलिंगाचीच. निजामाच्या अमलात चार तरुण एका जागी बसले की पोलीस पाटील डोकावून जायचा, म्हणून दर सोमवारी भजनाच्या नावाखाली जमायचे. भजन चार ओळींचे, बाकी काम. विहिरीचा गाळ काढला, पाणंद नीट केली, म्हाताऱ्यांना सरपण तोडून दिले. माणिकप्पा सावकाराचा शिवप्पा सगळ्यांत पुढे असायचा. सोमलिंग पोरांना सांगायचा, देव्हाऱ्यातला देव आणि विहिरीच्या गाळातला देव काही वेगळा नाही. पोरे माना डोलवायची. माना डोलवायला काय लागते?

त्या साली उन्हाळ्याच्या शेवटी पटकी आली. तालुक्याचा डॉक्टर एकदा घोड्यावरून आला, विहिरीत लाल औषध टाकून गेला, तो गेलाच. मग सोमवारच्या भजनाची मंडळीच गावभर फिरली. पाणी उकळून दिले, घाण उचलली, मेलेल्यांना खांदा दिला. आणि खड्डे खणले ते दगडोबाने. दगडोबा वेशीबाहेरच्या मांगवाड्यातला. सोमवारी तो मठाच्या अंगणात, लिंबाखाली बसायचा. सोमलिंगाने कितीदा वर बोलावले, पण तो आला नाही; आला असता तर बाकीची पोरे खाली उतरली असती, हे त्याला सोमलिंगापेक्षा चांगले कळत होते. लिंगायतांचा खड्डा सोपा नसतो. माणूस बसवायचा, समोर कोनाडा काढायचा. दगडोबाने एकट्याने निम्म्या गावाचे खड्डे काढले. त्याचा कुणाला विटाळ झाला नाही.

मग त्याची आई, कस्तुराबाई, गेली. तिचाही खड्डा त्यानेच खणला. सोमलिंग तिथे गेला तेव्हा दगडोबा कुदळ टाकून उभा होता.

"स्वामी, एक मागू? रागवू नगा."

"माग की."

"समद्यांच्या डोक्यावर ठिवता, तसा माझ्या आयच्या डोक्यावर बी पाय ठिवा. तिला लई वाटायचं. लांबून बघायची, हात जोडायची."

सोमलिंगाने वहाणा काढल्या आणि पाय ठेवला. विचार केला नाही. विचार करायचा तर सोमवारी काय बोलत होतो, हा करावा लागला असता.

पुढच्या सोमवारपासून मठात भजनाला कुणी आले नाही.

शिवप्पा निरोप देऊन पायरीशीच उभा होता, तेवढ्यात माणिकप्पा आला. त्याने अंगणातूनच रुद्रम्माला हात जोडले. त्याच्या बापाच्या मस्तकावर याच उन्हाळ्यात सोमलिंगाचा पाय पडला होता, आणि माणिकप्पाने ते पाय धुतलेले पाणी तीर्थ म्हणून घरभर शिंपडले होते. आता तो पायरीच्या खालीच थांबला.

"स्वामी, ऊन चढलं. माती किती येळ ठिवणार? एक शबुद तर म्हणायचा हाय. चुकलो, म्हणा. गाडी पुन्यांदा पाठवितो."

"चुकलो न्हाय तर कसं म्हणू?"

"आईसाठी म्हणा. देवाला समजतं की खरं काय ते."

"मग देवालाच समजू द्या. चार माणसांत कशाला पायजे?"

माणिकप्पाचा आवाज चढला. "तुमच्या हट्टापायी तिनं तशीच जायाचं? लेक हाय का कोण हायस तू?"

स्वामीचा लेक झाला आणि तुमीचा तू. सोमलिंगाला राग आला नाही, लाज आली. कारण माणिकप्पा खोटे बोलत नव्हता. आई मागे बसून होती आणि तिला दिलेला शब्द तिच्यासमोरच मोडत होता.

लिंबाखालून दगडोबा उठला. खड्डा काढून आला होता, गुडघ्यापर्यंत माती होती. तो हळूच म्हणाला, "म्हणून टाका, स्वामी. आमची आय काय उठून इचाराय येनार हाय? रुद्रम्माआयच्या जिवापरीस मोठं हाय का ते?"

हे जर तो बोलला नसता, तर कदाचित सोमलिंग म्हणाला असता. शब्द ओठावर आला होता. त्याने दगडोबाकडे पाहिले, त्याच्या मातीने भरलेल्या पायांकडे पाहिले.

"तुझ्या आईला दिल्यालं माघारी घिऊ?" तो म्हणाला. "कुठल्या तोंडानं?"

माणिकप्पा वळला. "शिवप्पा, घरी चल."

"अप्पा, खांदा तरी..."

"घरी चल म्हणतो न्हवं!"

शिवप्पा गेला. गाडी मात्र तिथेच राहिली, बैल जुंपलेले. तो विसरला की मुद्दाम ठेवून गेला, हे सोमलिंगाने त्याला नंतरही कधी विचारले नाही.

आता सोप्यात तिघेच होती. आई, गिरिजाबाई आणि तो. आईच्या मस्तकावर पाय ठेवायला पंचक्रोशीत एकच जंगम उरला होता. सोमलिंगाने पाय धुतले. विभूती लावली. आईसमोर उभा राहिला आणि त्याला पाय उचलेना. किती मस्तके पाहिली होती त्याने, पण या मस्तकाचा भांग कुठे वाकडा जातो, कानामागे तीळ कुठे आहे, हे सगळे त्याला माहीत होते. लहानपणी झोपेत त्याची लाथ तिला लागली, तर सकाळी तो तिच्या पाया पडायचा. ती म्हणायची, येडा का काय तू, झोपेत देव बी लाथा मारतो.

"जमत न्हाय मला," तो म्हणाला आणि रडायला लागला. वयाने मोठ्या माणसांना धीर देणारा स्वामी आईपुढे हमसून हमसून रडला.

गिरिजाबाईने थोडा वेळ रडू दिले. मग ती खाली बसली, दोन्ही हातांनी त्याचा उजवा पाय धरला आणि पोराला चालायला शिकवावे तसा उचलून रुद्रम्माच्या मस्तकावर ठेवला.

"रुद्रम्मा, म्या ठिवला गं," ती म्हणाली. "पोराला काय बोलू नगंस. शिवानं इचारलं तर माझं नाव सांग."

रुद्रम्माला शिवप्पाच्या गाडीतून नेले. एका बाजूने सोमलिंगाने धरले होते, दुसऱ्या बाजूने दगडोबाने. गावाची दारे बंद होती. ती पटकीच्या भीतीने, असे म्हणायची सोय होतीच.

पुढचा आठवडा उलटायच्या आत एका सकाळी माणिकप्पा मठात आला. डोक्याला पटका नव्हता. तो पायरीशी थांबला नाही. थेट वर आला आणि खांबाला धरून उभा राहिला.

"शिवगंगा गेली," तो म्हणाला.

सोमलिंग उठून उभा राहिला. माणिकप्पाची बायको. सोमवारी पोरांसाठी ताकाचा घडा पाठवायची. भजन मोडले तरी एकदा पाठवला होता, गुपचूप.

"म्हांतप्पास्नी बोलवा की," तो म्हणाला. त्याला तसे म्हणायचे नव्हते, पण आले तोंडातून.

"पाठविली होती गाडी. दार उघडलं न्हाय त्यांनी. गुडगा धरलाय, म्हणून आतूनच सांगितलं." माणिकप्पा खाली बघत होता. "पटकीच्या गावात यायाला भ्यालेत. दुसरं काय."

"म्हंजे त्या दिवशी बी गुडगाच धरला होता," सोमलिंग म्हणाला.

माणिकप्पाने कपाळ खांबाला टेकवले.

सोमलिंगाच्या मनात कडू कडू काय काय आले. अट नव्हती, धर्म नव्हता, विटाळ नव्हता. एक भित्रा म्हातारा घरात बसला होता, आणि त्याच्या भीतीला सगळ्या गावाने शास्त्र म्हणून हात जोडले होते. त्यापायी आईचा शब्द मोडला. जाऊ नये असेच त्याला वाटले. सावकाराची बायको नुसतीच मातीत जाऊ दे, बघू दे सावकार. हे वाटले आणि तरीही त्याने कोनाड्यातली विभूती घेतली. शिवगंगेने काय केले होते?

माणिकप्पाच्या सोप्यात ती मांडी घालून बसवलेली होती. शिवप्पा तिला मागून धरून होता. सोमलिंगाला पाहून त्याने मान खाली घातली. माणिकप्पाने पितळी परात पुढे केली, तांब्या घेतला आणि गुडघ्यावर बसला. सोमलिंगाने डावा पाय परातीत ठेवला. माणिकप्पाने तो धुतला, पुसला आणि उजव्यासाठी हात पुढे केला.

सोमलिंगाने उजवा पाय मागे घेतला.

"ह्यो न्हाय धुवायचा."

"स्वामी?"

"ह्यो पाय कस्तुराबाईच्या डोक्यावर होता. मग माझ्या आईच्या डोक्यावर होता. हाय तसा पायजे असंल तर ठिवतो. धुऊन पायजे असंल, तर म्हांतप्पाचा गुडगा बरा व्हईस्तवर थांबा."

माणिकप्पाच्या हातातला तांब्या कलला आणि पाणी परातीबाहेर जमिनीवर सांडत राहिले. त्याने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा दाराकडे. दाराबाहेर, पागोळीच्याही पलीकडे उन्हात, दगडोबा कुदळ घेऊन उभा होता. खड्डा तयार आहे हे सांगायला आला होता आणि कुणी विचारण्याची वाट बघत होता.

"ठिवा," माणिकप्पा म्हणाला. मग तांब्या खाली ठेवून पुन्हा म्हणाला, "ठिवा, स्वामी. हाय तसा."

आपण जिंकलो असे सोमलिंगाला वाटायला हवे होते. त्याने पाय उचलला. या वेळी गिरिजाबाई लागली नाही. तळव्याखाली शिवगंगेचे मस्तक गार लागले. कस्तुराबाईचे लागले होते तेवढेच, आईचे लागले होते तेवढेच. डोळे मिटले असते तर कुणाचे कोणते, त्याला सांगता आले नसते.

तो मंत्र म्हणू लागला. दारातून कुणीतरी दगडोबाला म्हणाले, "अरे, जरा सर की लांब, मयत बाहीर काढायचीय." दगडोबा कुदळ उचलून लांब सरला.