सूनबाईचं स्टूल

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. सुनेला तर त्या उठताबसता टोचून बोलायच्या. पण सुनेला बोलायचा मान त्यांच्या एकटीचा. तो त्यांनी कुणाला वाटून दिला नव्हता.

सून कापडाच्या दुकानात कामाला. सकाळी शटर वर गेलं की रात्री खाली येईपर्यंत पायावर उभी. गिऱ्हाइकांना गुबगुबीत खुर्च्या, आणि विकणाऱ्या पोरींनी भिंतीला टेकायचंसुद्धा नाही. घरी यायची तेव्हा चपलेचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतलेले. तिने एक स्टूल मागितलं, तर मालक म्हणाला, "बसायचं असेल तर कायमच्या घरीच बसा."

"असं म्हणाला?" सासूबाईंनी गरम पाण्याची बादली पुढे सरकवली. "बुडव पाय. आणि रडू नकोस, नाक सुजतं. आधीच काय कमी मोठं आहे?"

"आई, तुम्ही तिथे भांडायला येऊ नका. नोकरी जाईल माझी."

"भांडतंय कोण? मी कापड घ्यायला येणार."

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत त्या आल्या. मागोमाग गल्लीतल्या सगळ्या बायका. मालकाने हसून खुर्च्या दाखवल्या. "बसा ना, मावशी."

"नको शेठ. दाखवणारी उभी आणि बघणारी बसलेली, बरं दिसतं का? पोरी बसल्या की आम्ही बसू. मग कापड बघू."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही."

"असू दे. आम्हाला घाई नाही."

खुर्च्यांच्या मागे बायका ओळीने उभ्या राहिल्या. ना आरडा, ना ओरडा. नवं गिऱ्हाईक आलं की शेजारची शिंपीण हळू आवाजात कारण सांगे. कुणी नाक मुरडून निघून गेली, पण बऱ्याच जणी पिशवी खांद्यावर सारून ओळीत लागल्या. सून मान खाली घालून त्याच त्या घड्या पुन्हा घालत होती. सासूबाईंचे गुडघे ठणकत होते, पण चेहरा असा, की आईने जणू उभ्यानेच जन्माला घातलंय.

अख्खं दुकान उभं आणि मालक एकटा गल्ल्यावर बसलेला. किती वेळ बसणार? चुळबुळला, शेवटी उठला. इकडे गेला, तिकडे गेला, या पायावरून त्या पायावर आला. दुपार कलली तसा त्याचा हात आपसूक पोटरीकडे गेला.

"कळ येते ना?" सासूबाई म्हणाल्या. "हिला रोज येते."

त्याने हात झटकन मागे घेतला. तेवढ्यात ओळीतली एक अनोळखी बाई म्हणाली, "मला घरभर पडदे करायचेत. पण पोरी बसल्यावरच."

मालकाने एकदा ओळीकडे पाहिलं आणि मागच्या खोलीत गेला. धूळ खात पडलेली स्टुलं स्वतः उचलून आणली, प्रत्येकीला एक.

"आजच्यापुरती नकोत," सासूबाईंनी बजावलं. "आणि हिची नोकरी?"

"आहे तिथेच आहे, मावशी. रोज बसून करू दे. आता तुम्ही तरी बसा."

सुनेने बाकीच्या पोरींकडे पाहिलं आणि सगळ्यांत आधी ती बसली. मग त्या पोरी. मग एकामागून एक खुर्च्या करकरल्या, आणि बायकांच्या हसण्याने दुकान भरून गेलं. मालकही हसला, पोटरी चोळत.

सासूबाई सावकाश टेकल्या. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या, त्या त्यांनी घामाबरोबर पुसून टाकल्या.

"तो निळा तागा काढ," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि ताठ बस जरा. बसायला मिळालं की लगेच पोक काढायचं नसतं."